बेटावर किराणा दुकान नसतं

नणंदेचा फोन आला. "वहिनी, येत्या फेब्रुवारीत मालदीवला जाऊन राहिलो आम्ही. काय काय न्यायचं ते लिहून पाठवा ना." तिला कपड्यांची यादी हवी होती. मी आधी विमान किती वाजता पोचतं ते विचारलं. तिला सांगता आलं नाही, म्हणून ही यादी तिथूनच सुरू करते.

नागपूरहून मालेला, म्हणजे मालदीवच्या राजधानीला, थेट विमान नाही. मुंबईला नाहीतर बंगळूरूला बदलावं लागतं. उतरायचं ते वेलाना विमानतळावर, आणि तो स्वतःच हुलहुले नावाच्या वेगळ्या बेटावर आहे. तिथून रिसॉर्ट जवळ असेल तर स्पीडबोट, लांब असेल तर सीप्लेन. हे सीप्लेन वैमानिक डोळ्यांनी समुद्र बघून उतरवतो, त्यामुळे अंधारात उडत नाही. दुपारी साडेतीननंतर मालेत उतरलात तर त्या दिवशी बेट विसरायचं. आमचं तेच झालं. सोनेगावहून, म्हणजे नागपूरच्या विमानतळावरून, सकाळचं विमान दीड तास उशिरा सुटलं, मुंबईचं पुढचं चुकलं, आणि जिचे पैसे भरले होते ती पाण्यावरची खोली रात्रभर रिकामी राहिली. आम्ही दोघं विमानतळाशेजारच्या हुलहुमालेच्या एका लहान हॉटेलात, खिडकीबाहेर बांधकामाची क्रेन बघत झोपलो. म्हणून यादीतली पहिली वस्तू म्हणजे आदल्या रात्रीचा मुंबईतला मुक्काम. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर सामान मुंबईत उतरवून पुन्हा द्यावं लागतं, तो वेळही धरा. देशांतर्गत विमानात साधारण 15 किलो चालतं आणि सीप्लेनमध्ये 20 किलो, वर हातात 5. घरचा वजनकाटा बाहेर काढा आणि 15 वर थांबा. तिथे चप्पलसुद्धा फारशी लागत नाही, जेवायला लोक वाळूतून अनवाणी जातात. मी चार जोड नेले होते. तीन तसेच परत आले.

घड्याळाचं अजून एक. माले आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे. पण काही रिसॉर्ट स्वतःची 'बेटाची वेळ' ठेवतात, मालेच्या एक तास पुढे, म्हणजे आपल्याही अर्धा तास पुढे. फोन मात्र मालेची वेळ दाखवतो. परतीच्या सीप्लेनची वेळ सांगतील तेव्हा ती कोणती, हे विचारून कागदावर लिहा.

कागदपत्रं फार नाहीत. भारतीयांना पर्यटनाचा व्हिसा उतरल्यावर फुकट मिळतो. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने उरलेली बरी. परतीचं तिकीट आणि बुकिंगची प्रत छापून घ्या, फोनच्या बॅटरीवर भरवसा ठेवू नका. पोचण्याआधीच्या 96 तासांत 'इमुगा' या सरकारी संकेतस्थळावर प्रवासाची माहिती भरायची आणि क्यूआर कोड जपून ठेवायचा. परतताना तोच फॉर्म पुन्हा. त्याला एक पैसा लागत नाही. पैसे मागणारी हुबेहूब पानं दिसतात, ती बंद करा.

आता काय न्यायचं नाही ते. दारू न्यायची नाही. रिसॉर्टमध्ये मिळते, पण बाहेरून आणलेली बाटली कस्टम्सवाले ठेवून घेतात, तेव्हा ड्यूटी फ्रीचा मोह परतीसाठी राखा. डुकराचं मांस नाही, ई-सिगारेट नाही, आणि पूजेच्या मूर्ती नाहीत. सासूबाईंनी माझ्या पर्समध्ये चांदीचा सुपारीएवढा गणपती ठेवला होता. तो मला निघायच्या रात्री सापडला आणि देव्हाऱ्यात परत गेला. त्यांना मी आल्यावरच सांगितलं. खर्रावाल्यांनी, म्हणजे तंबाखू-सुपारी चघळणाऱ्यांनी, पुड्या घरीच ठेवाव्यात. पाण्यावरच्या लाकडी घरात खाली समुद्र आहे म्हणून थुंकलं तरी चालतं असं नाही, खाली मासे पोहत असतात आणि शेजारची बाई ते बघत बसलेली असते.

आता उन्हाबद्दल, आणि इथे मी जरा लांबवणार आहे, कारण आपण नागपूरकर इथेच मार खातो. 45 अंशांत स्कूटर चालवणाऱ्या माणसाला 31 अंशांचं काय वाटणार? काहीच वाटत नाही, आणि गोची तिथेच आहे. आपल्याकडचं ऊन अंगाला कळतं, घशाला कोरड पडते, माणूस दुपट्टा गुंडाळतो, सावली गाठतो. तिथे गार वारा असतो, पाठीवरून पाणी ओघळत असतं, आणि विषुववृत्ताला लागून असलेला सूर्य गुपचूप काम करत असतो. शून्य सावलीचा दिवस आपल्याकडे मेच्या शेवटी येतो, मालेत तो मार्चच्याच शेवटी. आमच्या ह्यांनी तोंडाला, हातांना नीट क्रीम लावलं आणि तासभर पाण्यात तोंड खाली घालून मासे बघितले. संध्याकाळी पोटऱ्या आणि गुडघ्यामागची खोबण वांग्याच्या भरताच्या सालीसारखी दिसत होती. पुढचे दोन दिवस ते पालथे झोपून होते, एवढे डॉलर मोजून. तेव्हा क्रीमच्या आधी लायक्राचा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट आणि घोट्यापर्यंतच्या लेगिंग्ज घ्या. बर्डीच्या बाजारात मिळतात, आणि साडी-सलवारवाल्या आपल्या बायकांना पाण्यात उतरायचा संकोचही त्यानं जातो. क्रीम झिंक ऑक्साइडचं घ्या. ऑक्सिबेन्झोन असलेलं टाळा, ते प्रवाळाला बाधतं असं मानतात आणि तिथलं प्रवाळ आधीच सोसून बसलंय. 1998 मध्ये एल निनोच्या वर्षी पाणी तापलं तेव्हा तिथलं उथळ पाण्यातलं बहुतेक प्रवाळ पांढरं पडून मेलं होतं. आपला पांढरा दुपट्टाही न्या. बोटीत तोच कामाला येतो.

पोहता येत नसेल तरी घाबरू नका, लाइफ जॅकेट मिळतं. पण नळीतून श्वास घ्यायची सवय घरूनच करून जा. पंधरा दिवस आधी मास्क आणि स्नॉर्कल विकत घ्या. मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकानं हलका श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर मापाचा. ह्यांचा राहीना, दोष मिशीचा निघाला. मिशी काढणार नाही म्हणाले, मग मिशीवर व्हॅसलीन लावून भागलं. नव्या काचेवर आतून टूथपेस्ट चोळून धुवा, नाहीतर सारखी वाफ धरते. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो. मग बालदी भरा, गुडघे टेकून बसा, तोंड पाण्यात घाला आणि फक्त तोंडानं श्वास. पहिल्या दिवशी दहा सेकंदांत ठसका लागतो, आठवड्यानं पाच मिनिटं जमतात. आमच्या मोलकरणीनं मला बाथरूममध्ये त्या अवतारात पाहिलं आणि "बाप्पा!" म्हणून झाडू तिथेच टाकला. पण समुद्रात कासव पहिल्यांदा अंगाखालून गेलं तेव्हा माझा श्वास चुकला नाही. स्कूबा करणार असाल तर शेवटच्या दिवशी नको. डायव्हिंगनंतर विमानात बसायला किमान 18 तास जाऊ द्यावे लागतात, आणि सीप्लेन हेही विमानच.

पैशांचं गणित निघण्याआधी करा. मेन्यूवर किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं असतात. पहिलं 10 टक्के सर्व्हिस चार्जचं, दुसरं पर्यटन जीएसटीचं, जो जुलै 2025 पासून 17 टक्के झालाय. 100 डॉलरचं जेवण आधी 110 होतं आणि 110 वर कर लागून 128.70. शिवाय रिसॉर्टमध्ये माणशी रोज 12 डॉलर हरित कर. दोघं, पाच रात्री, 120 डॉलर झाले. हे पॅकेजमध्ये धरलंय की नाही, ते लेखी विचारा. बेटावर एकच रिसॉर्ट असतं, तेव्हा महाग वाटलं म्हणून समोरच्या टपरीवर जाऊ, ही सोय नाही. जेवणाचा प्लॅन आधीच घेतलेला बरा. नुसता नाश्ता धरून गेलेल्या एका जोडप्यानं पाच दिवस नाश्त्यातच दुपारचं उरकलेलं मी पाहिलं. क्रेडिट कार्डावरचे परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमध्ये चालू करा, आणि एक-एक, पाच-पाच डॉलरच्या सुट्या नोटा टीपसाठी ठेवा. नाताळ आणि नववर्षाच्या रात्री बऱ्याच ठिकाणी सक्तीच्या मेजवानीचे वेगळे पैसे लावतात. डिसेंबर ते एप्रिल हवा कोरडी आणि दर चढे. मुलांच्या मेच्या सुटीत तिकडे पावसाळा लागतो, दर उतरतात.

शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच कळवा, कांदा-लसूण नको असेल तर तेही. बऱ्याच स्वयंपाकघरांत आपली माणसं असतात, वरण-भात होतो. मासे खात असाल तर सकाळी मासहुनी मागा: टूना, खवलेलं ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू, सोबत रोशी. रोशी म्हणजे आपली पोळीच. सावजीच्या जिभेला मात्र तिसऱ्या दिवशी सगळं फिकं लागतं, तेव्हा बंद पाकिटातला चिवडा, कोरडी लसूण चटणी आणि संत्रा बर्फीचा एक जास्तीचा डबा. तो जास्तीचा तिथल्या पोरांसाठी. आमची खोली आवरणारा मुलगा नेपाळचा होता, बर्फीनंतर त्यानं कासव कुठल्या वेळी कुठे येतं ते दाखवलं.

औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. बेटावर मेडिकलचं दुकानही नसतं. बोट लागणाऱ्यांना मळमळीची गोळी, कानाचे थेंब, ओआरएस, डासांचं क्रीम, कारण डेंगी तिथेही आहे. प्रवास विमा काढा. मोठं दुखणं निघालं तर बहुतेकदा मालेच गाठावं लागतं. भिंतीवरचं सॉकेट तीन चौकोनी पायांचं असतं, तो ॲडॉप्टर न्या. जास्तीचा चष्मा न्या. आणि घरातल्या कूलरची टाकी रिकामी करून जा, नाहीतर डास इथेच वाट बघत बसतील.

शेवटची वस्तू म्हणजे दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्या. शिंपले-प्रवाळासाठी नाही, प्रवाळ देशाबाहेर न्यायला तिथे बंदी आहे. बारा वाजता खोली सोडावी लागते आणि त्या दिवशीही सकाळी पाण्यात उतरल्याशिवाय राहवत नाही, मग ओले कपडे तसेच भरायचे. नागपूरला आल्यावर गच्चीवर टाका, तासाभरात वाळतात. मीठ मात्र दोन पाण्यांनी निघतं.