वाफेवर काम करणाऱ्या नवोदितांसाठी: तापमानाचा आकडा आणि प्रत्यक्ष पोहोचलेली उष्णता

जड तेलाच्या क्षेत्रात येणाऱ्या अभियंत्याला विष्यंदिता (द्रवाचा घट्टपणा), एपीआय ग्रॅव्हिटी (तेल किती जड ते सांगणारे माप) आणि डार्सीचा नियम (सच्छिद्र खडकातील प्रवाहाचा) ठाऊक असतो, म्हणून त्यांची उजळणी येथे करत नाही. कॅनडातील अथाबास्का येथील बिटुमेनची, म्हणजे डांबरासारख्या घट्ट तेलाची, विष्यंदिता भूगर्भातील मूळ तापमानाला दहा लाख सेंटीपॉइजच्या (विष्यंदितेचे एकक) घरात असते आणि २०० अंश सेल्सिअसच्या पुढे ती दहाच्या आसपास उतरते. तेलाच्या थरात वाफ सोडण्याचा सारा खटाटोप या घसरणीसाठीच असतो. चक्रीय पद्धत (एकाच विहिरीत आधी वाफ सोडून मग तिथूनच तेल काढणे), स्टीमफ्लड (एका विहिरीत सोडलेल्या वाफेने तेल दुसरीकडे ढकलणे) आणि सॅग-डी (वर-खाली दोन आडव्या विहिरी, वरून वाफ, खालून तेल) यांतील फरक वाचून लवकर समजतात. मला फार काळ अडवून धरले ते स्टीम क्वालिटीने, म्हणजे वाफ आणि पाण्याच्या मिश्रणात वस्तुमानाने वाफ किती टक्के आहे या आकड्याने, आणि नव्याने येणारे बहुतेक जण तिथेच अडखळताना मी आजही पाहते.

वेलहेडवर, म्हणजे विहिरीच्या तोंडाशी, दाब आणि तापमान दोन्ही दिसतात, दोन्ही अपेक्षेप्रमाणे असतात, आणि त्यामुळे वाफ व्यवस्थित जात आहे असे आपण गृहीत धरतो. परंतु संपृक्त अवस्थेत, म्हणजे वाफ आणि उकळते पाणी एकत्र असताना, दाब ठरला की तापमान आपोआप ठरते. ४० बार दाबाला ते सुमारे २५० अंश असते, मग नळीतील वस्तुमानापैकी ८० टक्के वाफ असो वा ३० टक्के. या दाबाला एक किलो उकळत्या पाण्यात सुमारे १०८७ किलोज्यूल उष्णता असते आणि त्याची पूर्ण वाफ होण्यासाठी आणखी १७१४ किलोज्यूल लागतात. म्हणजे ८० टक्के क्वालिटीच्या वाफेबरोबर प्रत्येक किलोमागे सुमारे २४५८ किलोज्यूल जातात, तर ३० टक्क्यांच्या वाफेबरोबर सुमारे १६०१. उष्णतेचा तिसरा हिस्सा नाहीसा झाला तरी तापमापकाचा काटा तसूभरही हलत नाही. भरीस भर म्हणजे ३० टक्के क्वालिटीलाही नळीतील आकारमानाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग वाफेचाच असतो. ट्यूबिंगमधून (विहिरीतील नळीतून) खाली उतरताना उष्णता बाहेर झिरपते, तेव्हा आधी क्वालिटी घटते. तळाचा थर्मोकपल (तापमान मोजणारा संवेदक) मात्र त्या दाबाचे संपृक्त तापमानच दाखवत राहतो. म्हणून तळाशी तापमान योग्य आहे एवढ्यावर कोणताही अहवाल पूर्ण करू नका. हे मी कठोरपणे सांगते, कारण या एका गृहीतकावर पुढची सगळी गणिते उभी राहतात.

दाब वाढवला की काम सुधारते, ही समजूतही याच मुळाची आहे. १० बारला अप्रकट उष्मा (उकळत्या पाण्याची वाफ होण्यास लागणारी उष्णता) किलोमागे सुमारे २०१४ किलोज्यूल असतो, १०० बारला तो १३१७ वर येतो. तापमान वाढते, पण वाफेचे पाणी होताना खडकाला मिळणारा वाटा कमी होतो.

क्वालिटी मोजण्याची एक जुनी रीत बॉयलरवर शिकायला मिळते. पाण्यातील क्षार वाफेबरोबर जवळजवळ जात नाहीत, ते उरलेल्या द्रवात साठतात. वाफेच्या जनित्रातून, म्हणजे त्या बॉयलरमधून, बाहेर पडलेल्या द्रवातील क्लोराइडचे प्रमाण आत सोडलेल्या पाण्याच्या पाचपट निघाले, तर द्रव एक पंचमांश उरला आहे आणि क्वालिटी ८० टक्के आहे. नमुना थंड करून घ्यावा लागतो. उघड्यावर घेतला तर त्यातले पाणी तिथेच वाफ होऊन उडते आणि आकडा फुगतो. ही चाचणी स्वतःच्या हाताने करा. मात्र जनित्रापाशी मिळालेला आकडा प्रत्येक विहिरीला लागू होत नाही, कारण वाहिनीच्या टी-फाट्यावर वाफ आणि पाणी समप्रमाणात विभागले जात नाहीत, आणि एकाच वाहिनीवरील शेजारच्या दोन विहिरींना वेगवेगळी क्वालिटी मिळू शकते.

स्टीम-ऑइल रेशोबद्दलही, म्हणजे तेलामागे किती वाफ लागली या गुणोत्तराबद्दलही, सावध राहा. एका बॅरल तेलामागे तीन बॅरल वाफ म्हणतात, तेव्हा ती वाफ थंड पाण्याच्या आकारमानात मोजलेली असते. त्या आकड्यात क्वालिटी कुठेच दिसत नाही, म्हणून दोन क्षेत्रांचे रेशो शेजारी ठेवून निष्कर्ष काढण्याआधी दोन्हीकडे किती इंधन जळाले ते विचारा.

सिम्युलेटर (तेलाच्या थराचे संगणकीय प्रतिरूप) लवकर हाती घेण्याचा मोह मला घातक वाटतो. हाताने उष्णतेचा ताळेबंद मांडता येत नाही तोवर त्याचे रंगीत नकाशे फक्त खोटा आत्मविश्वास देतात. मार्गदर्शक निवडताना पदापेक्षा ती व्यक्ती विहिरीपाशी किती वेळ उभी राहते ते पाहा. १९५९ मध्ये व्हेनेझुएलातील मेने ग्रांदे येथे वाफ जमिनीवर फुटून बाहेर आली, म्हणून दाब उतरवण्यासाठी अंतःक्षेपण विहिरी (ज्यांतून वाफ आत सोडतात त्या) उलट्या वाहू दिल्या गेल्या आणि त्यांतून भरपूर तेल येऊ लागले. चक्रीय पद्धतीची सुरुवात त्या निरीक्षणातून झाली.

हे सारे वाचून धास्तावण्याचे कारण नाही. संपृक्त वाफेचे कोष्टक, मोजलेला प्रवाह, नमुन्याची क्वालिटी आणि ट्यूबिंगमधील उष्णताक्षयाचा अंदाज एवढ्यावर एका विहिरीचा ताळेबंद एका बैठकीत होतो. पहिल्या वेळी तो जुळत नाही, तेव्हा आधी प्रवाहमापक तपासा, कारण दोन अवस्थांचे मिश्रण मोजताना त्याचा आकडाही क्वालिटीवरच अवलंबून असतो.