काशाची भांडी घेताय? या चुका टाळा

काशाच्या ताटांचं फॅड परत आलंय, चांगलंच आहे, पण पहिली चूक दुकानातच होते आणि ऑनलाइन तर हमखास, कांसं म्हणून पितळ गळ्यात मारतात. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कांसं म्हणजे तांबं आणि कथील, भांड्यांच्या काशात साधारण ७८ टक्के तांबं नि २२ टक्के कथील असतं, कथील महाग म्हणून कांसंही महाग, त्यामुळे पितळेच्या भावात मिळतंय म्हटलं की तिथेच सावध व्हा. लोहचुंबक घेऊन जाऊ नका, तो दोन्हींना चिकटत नाही. त्यापेक्षा वाटी बोटांच्या टोकांवर तोलून धरा आणि चमच्याने हलकं वाजवा, काशाचा नाद लांबत जातो, टाळ उगाच काशाचे करत नाहीत. आवाज बद्द आला तर एकतर ते कांसं नाही, नाहीतर कुठेतरी तडा आहे.

पितळेचा पेला पडला तर पोचा येतो, काशाची वाटी मात्र सरळ तडकते, कथिलामुळे ती ठिसूळ असते, मग मोडीत घालण्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणून गॅसवरही चढवू नका. केरळची जाड उरुळी, म्हणजे स्वयंपाकाचं काशाचं पसरट भांडं, ती वेगळी, आपली ताट-वाटी वाढायसाठी.

कल्हई? तांब्या-पितळेला लागते, काशाला नाही.

ताक, सोलकढी जेवताना खुशाल घ्या, पण रात्रभर त्यात ठेवलं की कळकलंच समजा. जेवण झालं की ताट लगेच विसळायचं, चिंच-मीठ किंवा पितांबरीने घासायचं, तारेची घासणी अजिबात नको, आणि कोरडं पुसायचं, नाहीतर डाग पडतात आणि मग लोक म्हणतात माल खोटा निघाला.

आता काशाच्या वाटीने तळपाय घासणं. तूप लावून घासलं की पाय काळे होतात आणि "बघा, केवढी उष्णता बाहेर पडली!" मसाज मशीनवाले तर यावरच धंदा करतात. अहो, तो काळेपणा धातू झिजून तुपात मिसळल्याचा आहे, ठणठणीत माणसाचेही पाय काळे होतील. मालिश छानच वाटते, झोपही लागते, त्यासाठी जरूर करा, पण पाय अजून काळे व्हावेत म्हणून तासभर घासत बसू नका, आणि ती वाटी जेवणाच्या भांड्यांत परत ठेवू नका.