आधी इंजिन, मग डबा: जुन्या डिझेल गाडीचा धूर कमी करायचा असेल तर

"धूर कमी करायचा डबा मिळतो म्हणे, तेवढा बसवून द्या अण्णा," असं म्हणत गॅरेजला येणाऱ्या मालकाला मी लगेच किंमत सांगत नाही. आधी विचारतो, गाडी फिरते कुठं? सोलापूरच्या मार्केट यार्डातून कांदा भरून हैदराबादला जाणारा ट्रक आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतून नवी पेठेत टॉवेलचे गठ्ठे टाकणारा छोटा टेम्पो, दोन्ही जुने, दोन्ही डिझेलचे. पण जो डबा ट्रकला मानवतो तोच टेम्पोत घुसमटून बसतो. खेळ सगळा सायलेन्सरमधल्या उष्णतेचा आहे.

त्याआधी इंजिन. आजारी इंजिनाला धुराचा डबा लावणं म्हणजे पैसे पाण्यात. धुराचा रंग बघा. काळा असेल तर हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय. निळा असेल तर ऑइल जळतंय. पांढरा धूर सकाळी थोडा वेळ दिसला तर ठीक, पण इंजिन गरम झाल्यावरही येत राहिला तर डिझेल नीट पेटत नाही किंवा पाणी आत जातंय.

काळ्या धुराला आपल्याकडं निम्म्या वेळा एअर फिल्टर कारण असतो. सोलापूरची धूळ आणि त्यात उन्हाळा. कंपनीनं पुस्तकात लिहिलेलं अंतर इथं चालत नाही, त्याच्या आधीच फिल्टर उघडून बघायचा. जाम झाला असेल तर नवा टाका, कंप्रेसरनं झोडपून कागद फाडू नका. फाटलेला फिल्टर बंद फिल्टरपेक्षा वाईट, कारण धूळ थेट इंजिनाच्या आत, सिलिंडरच्या लायनरला जाते. मग इंजिनात डिझेल फवारणारे नोझल काढून टेस्टरवर लावायचे. फवारा धुक्यासारखा बारीक पडला पाहिजे, टोकाला थेंब लोंबता कामा नये. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या बऱ्याच इंजिनांत नोझल साधारण 200 ते 250 बारला उघडतो. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. टॅपेट, टायमिंग, टर्बोच्या (इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या पंख्याच्या) होजची गळती, हे ओघानं आलंच.

आणि डिझेल पंपाचं सील तपासा. "जरा पंप वाढवून द्या, चढाला ओढत नाही" असं सांगून ड्रायव्हर कुठंतरी डिझेल वाढवून घेतात आणि मालकाला पत्ताही नसतो. कॅलिब्रेशन करून डिझेल मूळ मापावर आणलं की बऱ्याच गाड्यांचा अर्धा प्रश्न तिथंच मिटतो.

निळ्या धुरासाठी एक सोपी परीक्षा आहे. इंजिन गरम करून आयडलवर ठेवा आणि ऑइल भरायचं झाकण उघडा. तिथून धूर भकाभका बाहेर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. आधी इंजिन बांधा, नाहीतर गाडी स्क्रॅपला द्या. नोंदणीकृत केंद्रात स्क्रॅप केल्याचा दाखला असेल तर नव्या गाडीच्या करात सवलत मिळू शकते; केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांत मालवाहू गाडीला 15 टक्क्यांपर्यंत आणि खाजगीला 25 टक्क्यांपर्यंत तशी तरतूद आहे. ऑइल पिणाऱ्या इंजिनाला डबा बसवून देण्यापेक्षा मी गिऱ्हाईक परत पाठवतो.

इंजिन ठीक झालं की पीयूसीच्या मशीनवर आकडा घेऊन कागद जपून ठेवा. बीएस म्हणजे गाडीच्या धुराचं सरकारी मानक, आणि हार्ट्रिज म्हणजे धुराचा काळेपणा मोजायचं माप. बीएस-4 च्या आधीच्या डिझेल गाडीला मर्यादा 65 हार्ट्रिज, बीएस-4 ला 50. हे मशीन फक्त धुराचा काळेपणा बघतं, हे पक्कं लक्षात ठेवा.

आता डबे. पहिला डीओसी, म्हणजे ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्यावर प्लॅटिनमचा लेप. साधारण 200 ते 250 अंशांच्या पुढं गेला की कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं डिझेल आणि कणांवरचा तेलकट थर जाळतो. कोरडी काजळी मात्र तशीच बाहेर पडते. त्यामुळं हा बसवूनही पीयूसीचा आकडा फारसा हलत नाही, आणि मालक म्हणतो फसवलं. फसवलेलं नसतं, डोळ्यांची जळजळ आणि डिझेलचा वास कमी होतो तो यानंच. सोय अशी की तो तुंबायची भीती कमी, म्हणून शहरातल्या टेम्पोला हाच. पण त्याच्यामुळं धुरात नायट्रोजन डायऑक्साइड या विषारी वायूचं प्रमाण वाढू शकतं, तेव्हा बंद गोडाऊनमध्ये गाडी चालू ठेवून माल उतरवायचा नाही.

दुसरा डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर. धूर सच्छिद्र भिंतीतून गाळून निघतो आणि 85-90 टक्के कण आतच राहतात. टोकियोत 2003 पासून जुन्या डिझेल ट्रकना असले फिल्टर लावा नाहीतर शहरात येऊ नका, असा नियम झाला होता. पण अडवलेली काजळी जळायला हवी. नुसत्या हवेनं ती 550-600 अंशांच्या आसपास जळते. फिल्टरच्या आधी कॅटॅलिस्ट असेल तर 250-300 वरही हळूहळू जळत राहते. लोड घेऊन हैदराबाद रोडला लागलेल्या ट्रकला ही उष्णता सहज मिळते. सात रस्त्याच्या सिग्नलला थांबत थांबत जाणाऱ्या टेम्पोला मिळत नाही, आणि फिल्टर तुंबतो. म्हणून अंदाज नको. सायलेन्सरच्या आधी थर्मोकपल, म्हणजे उष्णता मोजणारी तार, बसवा, आकडे नोंदवणारं यंत्र जोडा आणि नेहमीच्या कामावर काही दिवस गाडी पळू द्या. नोंदी फिल्टर बनवणाऱ्याच्या अटीत बसल्या तरच ऑर्डर द्यायची.

एक गोष्ट आपल्या बाजूनं आहे. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 डिझेल मिळतं, त्यात सल्फर 10 पीपीएम, म्हणजे दहा लाखांत दहा भाग. बीएस-3 च्या काळात ते 350 पर्यंत चालायचं, त्यात कॅटॅलिस्ट टिकणं अवघड होतं. जुन्या गाडीतही आता हेच डिझेल जातं. हायवेकडेला टाकीतून मिळणारं स्वस्त 'बायोडिझेल' भरणार असाल तर हा सगळा खर्च करूच नका.

डिझेलच्या पाइपला लावायचे चुंबक विकायला येतात. विकणाऱ्यांना चहा पाजून वाटेला लावावं.

डबा बसवण्याआधी कागदपत्रं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं गाडीत बदल करायचा तर नियम आहेत, म्हणून आधी आरटीओत विचारून घ्या. विकणाऱ्याकडं पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेचा दाखला मागा आणि त्यात तुमच्या इंजिनाचं मॉडेल बसतंय का ते वाचा. नुसतं "चालतंय की" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

बसवताना डबा मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर बाहेर काढणारा पाइप) किंवा टर्बोच्या जितका जवळ तितका चांगला, म्हणजे उष्णता वाया जात नाही. मधल्या पाइपला उष्णतारोधक पट्टी गुंडाळा. इंजिन आणि डब्यामध्ये फ्लेक्सिबल जोड हवाच, नाहीतर हादऱ्यानं आतलं सिरॅमिक फुटतं. जोड वेल्डिंगनं नाही, फ्लँज आणि बोल्टनं करा, पुढं काढायचा आहे तो. बाणाची दिशा बघा. वायरिंग, ब्रेकचे पाइप आणि डिझेलची टाकी यांच्यापासून अंतर ठेवा. डीपीएफ असेल तर बॅक प्रेशरचं, म्हणजे फिल्टर तुंबल्यानं मागं पडणारा धुराचा दाब दाखवणारं, गेज केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या नजरेसमोर. लाल दिवा लागला तरी गाडी रेटत राहिला तर आधी ओढ जाते, मग टर्बो.

ड्रायव्हरला हेही सांगा की उसाच्या पाचटावर किंवा कडब्याच्या गंजीला लागून गाडी उभी करायची नाही. डबा लोडवरून आल्यावर चांगलाच तापलेला असतो.

ऑइल कमी राखेचं वापरा, सीजे-4 किंवा सीके-4 दर्जाचं. काजळी जळते, पण ऑइलची राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये साठत जाते. गेजचा आकडा रिकाम्या गाडीलाही खाली येईना झाला की फिल्टर काढून सफाईच्या यंत्रावर द्यायचा. गॅरेजच्या दारात कंप्रेसर मारून ती राख उडवायची नाही आणि पाण्याच्या जेटनं धुवायचाही नाही. डिझेलचा धूर कॅन्सर करतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं 2012 मध्येच सांगितलंय. हाताखालच्या पोरांना मास्क दिल्याशिवाय मी तो डबा उघडू देत नाही. साफ होऊन आला की पुन्हा बसवायचा, गेजचा नवा आकडा पीयूसीच्या कागदामागं तारखेसह लिहायचा, आणि पुढच्या वेळी त्याच्याशी ताडून बघायचा.