बातमीवर मत देताय? प्राध्यापकांनी या चुका टाळाव्यात

विश्वामित्री नदी फुगली की बडोद्याच्या वार्ताहरांचे फोन महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या विभागांत खणखणू लागतात. भूकंपाचा धक्का जाणवला की भूगर्भशास्त्राची पाळी, रेपो दर बदलला की अर्थशास्त्राची, मगर सोसायटीच्या आवारात शिरली की प्राणिशास्त्राची. हे फोन घ्यायलाच हवेत. जाणकार बोलला नाही म्हणून ती जागा रिकामी राहत नाही, दुसरा कोणीतरी ती भरतो. पण दुसऱ्या दिवशी छापून आलेले वाचून "मी असं म्हटलंच नव्हतं" म्हणायची वेळ वारंवार येते आणि सगळा दोष वार्ताहराच्या माथी मारला जातो. नीट पाहिले तर पुष्कळदा गडबड मूळ बोलण्यातच असते. विधान पहिल्या वाक्यात आणि त्याची अट तिसऱ्या वाक्यात असते. जागा कमी पडली की तिसरे वाक्य उडते.

अट मागे ठेवणे

हे उदाहरण बघा. (आजवा हा बडोद्याजवळचा तलाव, त्यातून सोडलेले पाणी विश्वामित्रीत येते.) "आज रात्री पाणी उतरेल. अर्थात आजव्यातून विसर्ग वाढला नाही तर. आणि वरच्या भागातला पाऊसही थांबायला हवा." मथळा होतो: "आज रात्री पाणी उतरणार". हेच असे म्हणा: "आजव्यातून विसर्ग वाढला नाही आणि वरचा पाऊस थांबला, तरच आज रात्री पाणी उतरेल." या वाक्याला कात्री लावायला जागाच नाही.

टीव्हीचा बाइट, म्हणजे बातमीत दाखवला जाणारा बोलण्याचा तुकडा, साधारण १५ ते २० सेकंदांचा असतो, म्हणजे मराठीत किंवा गुजरातीत ३५-४० शब्द. वर्तमानपत्रात तुमच्या नावापुढे दोन वाक्ये आली तरी पुष्कळ. म्हणून बोलण्याआधी कागदावर तीन वाक्ये लिहा: काय माहीत आहे, ते कशावरून, आणि काय अजून माहीत नाही. मोठ्याने वाचून घड्याळ लावा. २० सेकंदांत पहिले वाक्य संपत नसेल तर ते मोडा, पण अट मोडून वेगळी काढू नका.

फोन उचलल्या उचलल्या उत्तर देणे

वर्गातून बाहेर पडताना जिन्यात दिलेले उत्तर हे सगळ्यात धोक्याचे. आधी विचारा: कोणते दैनिक किंवा वाहिनी, बातमीचा रोख काय, मजकूर किती वाजेपर्यंत हवा, थेट प्रक्षेपण आहे की मुद्रित, आणखी कोणाशी बोलणार आहात. मग २० मिनिटे मागा. स्थानिक पानाचा मजकूर संध्याकाळी जातो, त्यामुळे दुपारी आलेल्या फोनला एवढा वेळ बहुधा मिळतो. मात्र सांगितलेल्या वेळेला स्वतःहून फोन करा. जमणार नसेल तर लगेच तसे सांगा आणि योग्य सहकाऱ्याचे नाव, त्याला विचारून, द्या. चार तास गप्प राहून रात्री नऊला "आता बोलू का?" असे विचारणाऱ्याला पुढच्या वेळी फोन येत नाही.

नव्या संशोधनावर मत हवे असेल तर त्या २० मिनिटांत मूळ निबंध उघडा, प्रसिद्धिपत्रक वाचून बोलू नका. कार्डिफ विद्यापीठाच्या गटाने ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांची ४६२ प्रसिद्धिपत्रके तपासली होती. २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या त्या अभ्यासात ४० टक्के पत्रकांत मूळ निबंधापेक्षा वाढवून सांगितलेला सल्ला आढळला, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून माणसांबद्दल ओढूनताणून काढलेले निष्कर्ष ३६ टक्के पत्रकांत. म्हणजे अतिशयोक्ती वर्तमानपत्राच्या कचेरीत पोचण्याआधीच, विद्यापीठातच सुरू झालेली असते.

निबंधात एवढे शोधा: प्रयोग माणसांवर की उंदरांवर, किती जणांवर, तुलना कशाशी, परिणाम किती मोठा, त्याची अनिश्चितता किती, पैसा कोणाचा, आणि तज्ज्ञांनी तपासलेला आहे की तपासणीआधीच प्रसिद्ध केलेला नुसता मसुदा (प्रीप्रिंट). २०२३ च्या जुलैत दक्षिण कोरियातल्या गटाने एलके-९९ हा पदार्थ नेहमीच्या तापमानाला अतिवाहक (विजेला जराही विरोध न करणारा) असल्याचा दावा अशाच मसुद्यात केला. जगभर गाजावाजा झाला. काही आठवड्यांत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेसह अनेकांनी तो पदार्थ करून पाहिला आणि अतिवाहकता दिसली नाही. अशा वेळी "दावा खरा ठरला तर मोठी गोष्ट आहे" हे वाक्य घात करते, कारण "मोठी गोष्ट" एवढेच उरते. त्याऐवजी सांगा: "दुसऱ्या प्रयोगशाळेने पडताळेपर्यंत हा दावाच आहे."

तपासलेला निबंध म्हणजेही शिक्का नव्हे. २२ मे २०२० रोजी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला, कोविडवर हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे औषध देण्याबद्दलचा निबंध ४ जूनला मागे घ्यावा लागला, कारण ज्या माहितीवर तो उभा होता ती पडताळून पाहणेच शक्य झाले नाही.

आकड्यांची पडझड

सर्वाधिक नुकसान इथे होते, म्हणून इथे थोडे थांबू.

धोका किती पटीने वाढला एवढेच सांगणे ही पहिली चूक. ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केले की रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस खाल्ल्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. ऐकणाऱ्याला वाटते, शंभरातल्या अठरा जणांना कर्करोग. समजा मुळात १०० पैकी ५ जणांना आयुष्यात तो होत असेल, तर १८ टक्के वाढ म्हणजे ५ चे साधारण ६. मूळ आकडा आणि नवा आकडा, दोन्ही एकाच वाक्यात सांगा. त्याच संस्थेने असे मांस तंबाखूच्याच गटात टाकले आणि "मांस सिगारेटइतके घातक" असे मथळे झाले. गट पुराव्याच्या भक्कमपणावर पडतात, धोक्याच्या आकारावर नव्हे. हे वार्ताहराने विचारले नाही तरी आपणहून सांगायचे.

टक्के आणि टक्केबिंदू यांची गल्लत अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांकडूनही घाईत होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ६.२५ टक्के केला. ही पाव टक्केबिंदूची कपात झाली. टक्क्यांत मोजली तर दर जवळजवळ ४ टक्क्यांनी घटला. दोन्ही बरोबर, पण श्रोत्याला कोणते सांगतोय हे कळले पाहिजे. सर्वांत सोपे म्हणजे "साडेसहावरून सव्वासहा" असे सांगून मोकळे व्हा.

"शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर" हा शब्दप्रयोग बडोद्यात तरी वापरूच नये. ३१ जुलै २०१९ ला शहरात एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस पडला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री पुन्हा घराघरांत शिरली. लोक विचारणारच, पाच वर्षांत शंभर वर्षे झाली का? या शब्दप्रयोगाचा अर्थ दर वर्षी १ टक्का शक्यता, एवढाच. गृहकर्ज फेडायला २० वर्षे लागतात असे धरले, तर तेवढ्या काळात असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के निघते. नदीकाठी घर घेणाऱ्याला हा आकडा उपयोगी आहे, शंभर वर्षांचा नाही. आणि ही गणिते जुन्या पावसाच्या नोंदींवर बेतलेली असतात. पाऊस बदलला की तीही बदलतात, हेही जोडा.

पुराच्या दिवसांत क्युसेकचा गोंधळ ठरलेला. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. तो पाणी वाहण्याचा दर आहे, साठा नव्हे. "१,००० क्युसेक पाणी सोडले" हे किती वेळ, याशिवाय अपुरे राहते. तासभर सोडले तर ते सुमारे १० कोटी लिटर भरते. तसेच आजव्याची पातळी समुद्रसपाटीपासून मोजतात, म्हणून ती दोनशे फुटांच्या वर असते, आणि काळा घोडा पुलाजवळची विश्वामित्रीची पातळी तिथल्या पट्टीवरची, वीस-तीस फुटांतली. हे दोन आकडे वजाबाकी करून सांगणाऱ्याने लोकांना उगाच घाबरवलेले असते.

आपल्याकडे भाषेचीही एक अडचण आहे. बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणारे प्राध्यापक मनात मराठीत विचार करतात, वार्ताहराशी गुजरातीत बोलतात आणि बातमी छापून येते इंग्रजी आवृत्तीत. या प्रवासात "दहा लाख" चे "एक कोटी" होते. मिलियन म्हणजे १० लाख, बिलियन म्हणजे १०० कोटी, हे घाईत चुकते. म्हणून फोन संपताच सगळे आकडे एककांसह आणि मुख्य दोन वाक्ये व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा, शक्य तर गुजराती आणि इंग्रजी दोन्हीत. तीन मिनिटांचे काम आहे, आणि पुढे वाद झालाच तर तोच पुरावा.

दिलासा देण्याची घाई

इटलीत लाक्विला परिसरात २००९ च्या सुरुवातीपासून छोटे धक्के बसत होते. ३१ मार्चला तज्ज्ञांची बैठक झाली. बैठकीआधी नागरी संरक्षण खात्याच्या एका अधिकाऱ्याने टीव्हीवर सांगितले की धोका नाही, छोट्या धक्क्यांतून ऊर्जा निघून जाते आहे, हे चांगलेच आहे. ६ एप्रिलला ६.३ चा भूकंप झाला आणि ३०० हून अधिक माणसे गेली. २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी अशा सातही जणांना सहा वर्षांची शिक्षा झाली. २०१४ मध्ये अपिलात शास्त्रज्ञ निर्दोष सुटले.

तो दिलासा शास्त्राच्या कसोटीवरही टिकत नव्हता. भूकंपमापनात एक अंक चढला की ऊर्जा सुमारे ३२ पटींनी वाढते. ६ च्या एका भूकंपाएवढी ऊर्जा निघायला ४ चे जवळपास १,००० धक्के लागतात. आणि तो दिलासा जाहीरपणे, ठासून खोडला गेला नाही, हे त्या प्रकरणातले सर्वांत मोठे दुखणे. तुमच्या विषयातले चुकीचे विधान कोणी अधिकारी तुमच्यासमोर करत असेल, तर त्याच बसल्या जागी, नम्रपणे पण स्पष्ट दुरुस्त करा. २००१ चा भूज भूकंप पाहिलेल्या गुजरातेत "पुन्हा होईल का?" हे विचारले जाणारच. खरे उत्तर असे: "वेळ कोणालाच सांगता येत नाही. घर कसे बांधलेय ते मात्र आज तपासता येते."

कारण सांगतानाही दोन टोके टाळा. "हा पाऊस हवामानबदलामुळेच" हेही चूक आणि "एका घटनेचा संबंध लावताच येत नाही" हेही आता जुने झाले. २००३ च्या युरोपातल्या उष्णतेच्या लाटेवर २००४ मध्ये अभ्यास आला, तेव्हापासून एखाद्या घटनेची शक्यता तापमानवाढीने किती वाढली हे मोजले जाते. त्या घटनेचा अभ्यास झाला नसेल तर एवढेच म्हणावे: हवा १ अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, त्यामुळे मुसळधार पावसाला जास्त पाणी मिळते. या पुरात नाल्यांवरच्या बांधकामाचा वाटा किती, हा वेगळा प्रश्न आहे. तो स्थापत्याच्या सहकाऱ्याकडे सोपवा.

विषयाबाहेर पाऊल

मगरीच्या वर्तनावर बोलणाऱ्याला तिसरा प्रश्न येतो: "मग पालिकेचं चुकलं का?" इथे वैयक्तिक मत द्यायचे असेल तर ते नागरिक म्हणून आहे हे त्याच वाक्यात सांगा. बाकी कुलसचिव कार्यालयाकडून सेवानियम आधीच मागवून वाचून ठेवा. कोणत्या विषयावर पूर्वपरवानगी लागते ते लेखी असलेले बरे.

"ऑफ द रेकॉर्ड" हे बोलण्याआधी दोघांनी कबूल करायचे असते, बोलून झाल्यावर म्हटल्याने काही होत नाही.

वेळेचे दोन नियमही सांभाळा. नेचर या विज्ञान-नियतकालिकातला निबंध प्रकाशनाच्या दिवशी लंडनच्या दुपारी ४ ला खुला होतो, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री ८.३० आणि हिवाळ्यात ९.३०. तोवर त्यावर बातमी न देण्याचे बंधन (एम्बार्गो) असते, त्याआधी बाइट दिला तर ते तुम्ही मोडलेत. आणि मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत टीव्हीवर कोणत्याही पक्षाला लाभ वा हानी होईल असे भाष्य राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांनीही करू नये.

फोनो, म्हणजे फोनवरून प्रसारित होणाऱ्या मुलाखतीसाठी पंखा बंद, स्पीकर बंद, फोन कानाला. व्हिडिओसाठी खिडकी पाठीशी नको, समोर हवी, आणि कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर.

चुकीचे छापून आले तर

प्रकाशनाआधी पूर्ण बातमी दाखवायचा हट्ट धरू नका, तो मानला जात नाही. आपली वाक्ये आणि आकडे परत वाचून दाखवायला सांगा. हे बहुतेक वार्ताहर आनंदाने करतात. मथळा बहुधा कचेरीतल्या संपादकीय डेस्कवर होतो, वार्ताहराच्या हातात नसतो, म्हणून मथळ्यावरून त्याला झापू नका.

चूक दिसली की सकाळीच त्याला फोन करा, मग लगेच संपादकांना मेल. मेलमध्ये तारीख, आवृत्ती, पान, छापलेले वाक्य, मूळ वाक्य आणि व्हॉट्सअॅपचा पुरावा असावा. आठ-दहा ओळींत संपवा. संकेतस्थळावरची प्रत आधी बदलायला सांगा, कारण तीच पुढे पसरत राहते. छापील दुरुस्ती नंतर येते. शेरेबाजी नको, "कृपया हे वाक्य असे करावे" एवढेच. संपादकांनी दाद दिली नाही तर दैनिकाविरुद्ध भारतीय प्रेस परिषदेकडे दोन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. त्याआधी संपादकांना लिहिलेले असणे गरजेचे आहे. वाहिनीच्या बाबतीत तिच्याच तक्रार अधिकाऱ्यापासून सुरुवात करा.

आकडा तुमच्याच तोंडून चुकीचा गेला असेल तर वाट पाहू नका. मजकूर जाण्याआधी कळला तर फोन, नंतर कळला तर मेल, आणि जिथे तो चुकीचा आकडा पोचला त्या प्रत्येक ठिकाणी तीच दुरुस्ती.