फिश अँड चिप्सने निराशा केली तर काय करावे

ब्रिटनमध्ये शिकायला, नोकरीला किंवा फिरायला आलेला मराठी माणूस एकदा तरी फिश अँड चिप्स, म्हणजे पिठात बुडवून तळलेला मासा आणि बटाट्याचे तळलेले लांबट तुकडे, मागवतोच, आणि हळद, तिखट, आगळ लावून तळलेल्या सुरमईची सवय असलेल्या जिभेला तो मासा सपक लागतो. म्हणून तक्रार करण्याआधी, पदार्थ बिघडलेला आहे की मुळातच तसा असतो, हे ठरवून घ्यावे. कॉड किंवा हॅडॉक या पांढऱ्या समुद्री माशांना तेथे मसाला लावत नाहीत. मीठ, माल्ट व्हिनेगर आणि टार्टर सॉस आपले आपण घ्यायचे असतात. चिप्सही जाड आणि आतून मऊच असतात, त्यामुळे त्या कुरकुरीत नाहीत ही तक्रार सहसा टिकत नाही.

खरा बिघाड ओळखण्यासाठी माशाचा तुकडा मधोमध काट्याने उघडून पाहावा. नीट तळलेल्या तुकड्याचे कवच मोडताना कुरकुर ऐकू येते, आतून वाफ निघते आणि मासा मोठ्या, ओलसर, शुभ्र पदरांनी सुटतो. कवचाच्या आतल्या बाजूला पिठाचा पातळ ओला थर चांगल्या दुकानातही आढळतो. तो जाड आणि चिकट असेल, शिवाय बोटांना तेल लागत असेल, तर तेल पुरेसे तापलेले नव्हते किंवा एका वेळी फार तुकडे सोडले होते, असे समजावे. तळणीचे तेल साधारण 180 अंश सेल्सिअसला असावे लागते. कवच वातड आणि मासा चोथ्यासारखा कोरडा असेल, तर तो तळून बराच वेळ गरम कपाटात पडून राहिलेला असतो. काळपट रंग, कडवट चव आणि खवट वास ही जुन्या तेलाची खूण आहे. मासा मध्ये काचेसारखा अर्धपारदर्शक आणि गार असेल, तर तो कच्चा आहे. तो मुळीच खाऊ नये.

दोष दिसला की तेव्हाच, दोन-तीन घासांत, सांगावे. वाढणारी व्यक्ती थोड्या वेळाने येऊन सगळे ठीक आहे ना, असे विचारते, आणि आपण संकोचाने मान डोलावतो. तो संकोच माझ्या मते पूर्णपणे सोडून द्यावा, कारण अर्ध्याहून अधिक ताट संपवून केलेली तक्रार कोणालाच पटत नाही. आवाज न चढवता नेमका दोष दाखवावा आणि आपल्याला काय हवे तेही सांगावे: बदली ताट, किंवा वेळ नसल्यास बिलातून ती रक्कम वजा. ब्रिटनच्या ग्राहक हक्क कायदा, 2015 नुसार विकलेली वस्तू समाधानकारक दर्जाची आणि वर्णनाप्रमाणे असावी लागते. मेनूवर हॅडॉक लिहून दुसराच मासा दिला असेल, तर आपली बाजू विशेष भक्कम असते. बिलातील सेवा शुल्क ऐच्छिक असेल, तर ते काढून टाकण्यास सांगता येते. बिलावरून वाद मिटत नसेल, तर न देता निघून जाऊ नये. निषेध नोंदवून पैसे भरावेत, पावती व ताटाचे छायाचित्र जपावे आणि नंतर लेखी तक्रार करावी.

एक गोष्ट मात्र मागवण्यापूर्वीच विचारावी, कारण तिची भरपाई नंतर होत नाही. विशेषतः उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशरमध्ये बरीच दुकाने गोमांसाच्या चरबीत तळतात, आणि चिप्सही त्यातच तळल्या जातात. जे गोमांस खात नाहीत किंवा शाकाहारी म्हणून केवळ चिप्स मागवतात, त्यांनी कशात तळता, हे स्पष्ट विचारावे.

दारावरील 0 ते 5 हा स्वच्छतेचा दर्जा पाहून चवीचा अंदाज बांधू नये. तो फक्त स्वच्छतेविषयी असतो. जेवणानंतर उलट्या-जुलाब झाले, तर डॉक्टरांना दाखवावे आणि त्या भागातील कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, पर्यावरण आरोग्य विभागाला कळवावे.