नाणं ग्रेडिंगला पाठवायचंय? आधी भिंग काढा, मग फॉर्म

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर चांदीचा रुपयाही चिंचेच्या कोळाने घासून लख्ख करायचा, ही आमच्या घरची जुनी पद्धत. त्यातलाच सहाव्या जॉर्जचा १९४४ चा एक रुपया मी हौसेने ग्रेडिंगला पाठवला. काही महिन्यांनी तो प्लॅस्टिकच्या डबीत बंद होऊन आला. डबीतल्या चिठ्ठीवर आकडा नव्हता, 'क्लीन्ड' असा शेरा होता. म्हणजे नाणं अस्सल, पण घासलेलं. फी गेली ती गेलीच. आई म्हणाली, "आता ही डबी पूजेत ठेवायची कशी आणि घासायची कशी?"

ग्रेडिंगवाले आधी नाणं खरं आहे का ते पाहतात, मग झीज, ओरखडे आणि चमक पाहून १ ते ७० मधला अंक देतात आणि नाणं सीलबंद करतात. या डबीला छंदातली माणसं 'स्लॅब' म्हणतात. अंकांची ही पट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटांसाठी काढली होती. आता जगभरच्या नाण्यांना तीच लावतात. ६० आणि त्यापुढचा अंक म्हणजे चलनात न फिरलेलं नाणं. या धंद्यातली दोन मोठी नावं पीसीजीएस (१९८६) आणि एनजीसी (१९८७), दोन्ही मूळची अमेरिकेतली.

म्हणजे नाणं देशाबाहेर जाण्याची शक्यता असते, म्हणूनच पहिली पायरी नाण्यावरचं साल वाचण्याची. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं 'पुरावशेष' ठरतं आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. ग्रेडिंगसाठी पाठवतोय, परत येणारच आहे, ही सबब चालत नाही. शिवराई गेली, राणी छाप रुपये सगळे गेले. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला म्हणून ज्याची नक्षी बदलावी लागली, तो पंचम जॉर्जचा १९११ चा रुपयाही गेला. न्यू जर्सीच्या भाच्याच्या बॅगेत टाकून देऊ, असा विचार मनात आला असेल तर तो तिथेच सोडा. तुमच्या गावचा विक्रेता "आम्ही पाठवतो" म्हणाला, तर नाणं प्रत्यक्ष कुठे जाणार हे विचारा आणि पावतीवर लिहून घ्या.

साल शंभर वर्षांच्या आतलं निघालं, तर आता भिंग. जवाहिऱ्याकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं पुरे. खोलीतला मोठा दिवा बंद करा, टेबलावरचा एकच दिवा लावा आणि नाणं कडेने धरून हळूहळू कलतं करा. न फिरलेल्या चांदीच्या नाण्यावर उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. राजाच्या गालावर, भुवईवर, मुकुटाच्या पट्टीवर ते अडले आणि तिथे करडा, निर्जीव डाग दिसला, तर तेवढी झीज आहे. सगळ्या पृष्ठभागावर केसासारख्या बारीक रेघा एकाच दिशेने गेलेल्या दिसल्या, तर कुणीतरी फडकं फिरवलंय. घासलेलं नाणं लख्ख दिसतं, पण त्यावर ते पट्टे फिरत नाहीत. माझ्या १९४४ वर हे सगळं होतं. मी पाहिलं नव्हतं एवढंच. नाणं मळकट असलं तरी आता धुऊ नका. काळपट थर तसाच राहू द्या.

मग वजन, खोटं नाणं ओळखायला. १९३९ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, ९१.७ टक्के चांदीचा. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. मिलिग्रॅम दाखवणारा छोटा काटा छंदवाल्याकडे असावाच.

यानंतर हिशेब. फी, हाताळणीचा आकार, जाण्या-येण्याचं टपाल, विमा, परत येताना कस्टम्स हे सगळं एका कागदावर मांडा. स्लॅबमुळे किंमत त्याहून जास्त वाढणार असेल तरच पुढे जा. चाळिशीच्या दशकातला सर्रास मिळणारा रुपया अगदी कोरा असेल तरच परवडतो. १९३९ च्या रुपयाची गोष्ट वेगळी. तो दुर्मिळ आहे आणि १९३८ मधला ८ कोरून त्याचा ९ केलेले नमुने बाजारात फिरतात. तिथे अंकाला दुय्यम महत्त्व, अस्सलपणाच्या शिक्क्यालाच पैसे मिळतात. १९३९ चा रुपया थोडा घासलेला असला तरी मी पाठवीन.

थेट पाठवायचं तर सहसा सशुल्क सभासदत्व लागतं. पहिल्या खेपेला अधिकृत विक्रेत्यामार्फत जाणं सोपं. फॉर्ममध्ये देश, मूल्य, साल, टाकसाळ आणि तुम्हाला वाटते ती किंमत लिहायची असते. फी आणि विमा दोन्ही या किमतीवर ठरतात. फी वाचवायला ती कमी दाखवलीत, तर पाकीट हरवल्यावर भरपाईही तेवढीच मिळते. मुंबई टाकसाळीची खूण किंवा एखादा खास प्रकार चिठ्ठीवर हवा असेल, तर तो रकाना वेगळा असतो आणि बहुधा पैसेही वेगळे.

प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. मग एकेक नाणं मायलारच्या (एक पारदर्शक प्लॅस्टिक) पाकिटात घाला आणि फॉर्मवरचा ओळ क्रमांक त्यावर लिहा. मऊ, वास येणारं पीव्हीसीचं पाकीट घेऊ नका. त्यातून नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो. स्टेपलर लांबच ठेवा, पिनेचं टोक शेजारच्या नाण्यावर ओरखडा काढतं. पाकिटं दोन पुठ्ठ्यांत दाबून चिकटपट्टीने बांधा, लहान खोक्यात ठेवा आणि ते खोकं मोठ्या खोक्यात. कानाशी धरून हलवा. खुळखुळ आली तर उघडून पुन्हा भरा. सगळ्या कुरिअर कंपन्या नाणी घेत नाहीत, म्हणून बुकिंगच्या आधी विचारा. "धातूचे सुटे भाग" असं लिहून पाठवलंत तर विम्यावर पाणी सोडा.

नाणं परत आलं की चिठ्ठीवरचा क्रमांक त्या सेवेच्या संकेतस्थळावर टाका आणि आलेली नोंद तुमच्या फोटोशी ताडून पाहा. खोट्या नाण्यांप्रमाणे खोटे स्लॅबही निघाले आहेत, तेव्हा ही सवय विकत घेतानाही उपयोगी पडते. अंक मनासारखा आला नाही म्हणून रागाच्या भरात डबी फोडायला मात्र बसू नका. हातोडी प्लॅस्टिकवर थांबेल याची खात्री नसते.