टेकअवेच्या परवान्याचा रिव्ह्यू मागताय? या चुका टाळा

रिव्ह्यू म्हणजे दुकानाच्या परवान्याचा फेरविचार करा, अशी कौन्सिलकडे (स्थानिक पालिकेकडे) केलेली मागणी. इंग्लंड-वेल्समध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांचे असे अर्ज मी अधूनमधून वाचून देतो. घराखाली चिकन शॉप किंवा कबाबचं दुकान, शनिवारी रात्री आत मुंगी शिरायला जागा नाही, मागच्या दारापुढे तेलाच्या डब्यांची थप्पी. तक्रार बहुतेक वेळा खरीच असते. तरी अर्ज पहिल्याच पायरीवर परत येतो, नाहीतर सुनावणीत दुकानदाराचा वकील त्यातली हवा काढून घेतो. ज्या कायद्याखाली ती तक्रार मांडली, तो कायदा तिच्यासाठी नसतोच, ही त्यातली खरी अडचण.

मुळात परवाना आहे का?

भारतात हॉटेलच्या भिंतीवर एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर बघायची सवय असते. त्यामुळे इथेही प्रत्येक खाण्याच्या दुकानाला लायसन्स असणार आणि ते रद्द करता येणार, असं आपण धरून चालतो. तसं नाही. इथे खाद्यव्यवसायाने सुरू होण्याच्या २८ दिवस आधी कौन्सिलकडे नोंदणी करायची असते. ती फुकट असते आणि कौन्सिल ती नाकारू शकत नाही. ‘प्रिमायसेस लायसन्स’ ही वेगळीच गोष्ट. २००३ च्या लायसन्सिंग अ‍ॅक्टखाली ते लागतं दारू विकायला, काही प्रकारच्या करमणुकीला, आणि रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात गरम खाणं किंवा पेय विकायला. रात्री दहाला शटर ओढणाऱ्या, दारू न ठेवणाऱ्या डोसा सेंटरकडे हे लायसन्स नसतंच. रिव्ह्यू कशाचा करणार? उलट एखादा लायसन्स नसताना रात्री एक वाजता गरम रोल विकत असेल, तर तो सरळ गुन्हा आहे. कौन्सिलच्या लायसन्सिंग टीमला कळवा, रिव्ह्यूची गरज नाही.

परवान्यांचं रजिस्टर सार्वजनिक असतं. त्यातून त्या दुकानाच्या परवान्याच्या अटी मागवून घ्या आणि शांतपणे वाचा. हे फार थोडे लोक करतात. अनेकदा ‘रात्री १ नंतर विक्री बंद’ किंवा ‘सीसीटीव्ही चालू ठेवणे’ अशी अट तिथे आधीच असते, आणि दुकानदार ती मोडत असतो. कलम १३६ प्रमाणे अट मोडून धंदा करणं हा गुन्हा आहे. त्यावर कारवाई करायला कौन्सिलला तुमच्या रिव्ह्यूची वाट बघावी लागत नाही.

‘पब्लिक सेफ्टी’त सगळंच कोंबणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. लायसन्सिंग अ‍ॅक्टची उद्दिष्टं चार: गुन्हे आणि दंगा रोखणं, सार्वजनिक सुरक्षा, सार्वजनिक उपद्रव रोखणं, आणि मुलांचं रक्षण. रिव्ह्यूचा अर्ज यांपैकी एका तरी उद्दिष्टाशी जोडलेला असावा लागतो. लोक फॉर्मवर सार्वजनिक सुरक्षेच्या चौकटीत खूण करतात आणि खाली लिहितात: स्वयंपाकघरात उंदीर, चिकन कच्चं, मुलाला उलट्या झाल्या, हायजीन रेटिंग पाचपैकी १. होम ऑफिसच्या मार्गदर्शनात (कलम १८२ खाली निघणारं) हे स्पष्ट आहे की ही सुरक्षा म्हणजे त्या जागेत येणाऱ्या माणसांची सुरक्षा. सार्वजनिक आरोग्यासाठी दुसरे कायदे आहेत. म्हणजे गर्दी, अंधारा जिना, लोंबकळणाऱ्या वायरी, फुटलेल्या काचा इथे चालतील. उंदीर नाही.

उंदरासाठी एन्व्हायर्नमेंटल हेल्थ, म्हणजे कौन्सिलचा स्वच्छता-आरोग्य विभाग. आणि खरं सांगायचं तर ते हत्यार जास्त धारदार आहे. इंग्लंडमध्ये २०१३ च्या फूड सेफ्टी अँड हायजीन नियमांखाली, आरोग्याला तातडीचा धोका दिसला तर त्यांचा अधिकारी त्याच दिवशी नोटीस लावून स्वयंपाकघर बंद करू शकतो. पुढे कोर्टाचा आदेश घ्यावा लागतो, तो भाग वेगळा. रिव्ह्यूला मात्र आधी २८ दिवस हरकतींसाठी आणि नंतर सुनावणीसाठी २० कामाचे दिवस जातात. दोन महिने उंदरांना मोकळं रान कशाला?

आगीचं प्रकरण थोडं गुंतागुंतीचं आहे. ‘परवान्यात आगीच्या अटी घाला’ ही मागणी ऐकायला बरी वाटते, पण २००५ च्या फायर सेफ्टी ऑर्डरच्या कलम ४३ प्रमाणे त्या ऑर्डरमध्ये येणाऱ्या बाबींवर परवान्यात अट घातली तरी ती निष्प्रभ ठरते. म्हणून आगीच्या भीतीवर रचलेला आख्खा अर्ज ढासळू शकतो. त्याऐवजी आधी फायर अँड रेस्क्यू सर्व्हिसला कळवा. कोंडलेलं मागचं दार, एक्झॉस्टच्या नळीत साठलेली चरबी हे त्यांचं काम. परिस्थिती गंभीर असेल तर त्याच ऑर्डरच्या कलम ३१ खाली ते जागेचा वापर थांबवू शकतात. शिवाय लायसन्सिंग कायद्यात ते ‘रिस्पॉन्सिबल ऑथॉरिटी’ (कायद्याने नेमून दिलेल्या सरकारी यंत्रणांपैकी एक) आहेत, म्हणजे रिव्ह्यू ते स्वतःही मागू शकतात. त्यांनी तपासणी करून दुकानदाराला पत्र दिलं, तर तुमच्या दहा पानी व्यथेपेक्षा ते एक पत्र जास्त बोलतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच अर्जाची वाट बघणारी नाही. खाली कोळशाचा तंदूर आहे आणि वर राहणाऱ्यांचं संध्याकाळी डोकं दुखतं, मळमळतं, बाहेर गेलं की बरं वाटतं, तर तो कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. घराबाहेर पडा आणि ९९९ ला फोन करा. नंतर कौन्सिलच्या एन्व्हायर्नमेंटल हेल्थला सांगा. व्यावसायिक स्वयंपाकघरातल्या कोळसा-लाकडाच्या भट्ट्यांबद्दल हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हच्या वेगळ्या सूचना आहेत, कारण हा धोका त्यांना चांगला ठाऊक आहे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र आजच आणा.

‘नेहमी’, ‘सारखं’, ‘रोज’

हे शब्द अर्जातून काढा. तारीख, वेळ, काय दिसलं, किती लोक, कोणाला कळवलं, काय उत्तर आलं, एवढं वहीत लिहा. २००८ च्या थ्वेट्स खटल्यात हायकोर्टाने मॅजिस्ट्रेटांचा निर्णय रद्द केला, कारण तो पुराव्यावर नव्हे तर ‘असं होईल’ या अंदाजावर उभा होता. दुकानदारांचे वकील हा खटला आवर्जून काढतात. पण म्हणून दुकानदाराला आधी कोर्टात शिक्षा झालेली हवी, असंही नाही. २०१६ च्या ईस्ट लिंडसी प्रकरणात हायकोर्टाने सांगितलं की गुन्हा सिद्ध झालेला नसला तरी कौन्सिल परवाना काढून घेऊ शकते. तिथे मुद्दा बेकायदा कामगाराचा होता.

एकाच मजकुरावर साठ सह्या घेण्याचा उत्साह आपल्याकडे फार. माझ्या मते चार शेजाऱ्यांनी आपापल्या शब्दांत लिहिलेल्या नोंदी त्याहून भारी पडतात.

पुरावा वेळेत द्या. सुनावणीच्या दिवशी खिशातून फोन काढून ‘हा व्हिडिओ बघा’ म्हणालात, तर बाकी सगळ्या पक्षांची संमती लागते. दुकानदार ती का देईल?

फॉर्मच्या बारीक गोष्टी

अर्जाला फी नाही. तुम्ही त्याच गल्लीत राहायला हवं, ही अटही २०१२ मध्ये गेली. पण अर्जाची प्रत परवानाधारकाला आणि सर्व रिस्पॉन्सिबल ऑथॉरिटींना तुम्हीच पाठवायची असते. कौन्सिल पाठवेल असं समजून बसलात तर अर्ज नाकारला जाऊ शकतो.

नाव लपवता येत नाही, किमान सहजासहजी नाही. प्रत दुकानदाराकडे जातेच. लहान शहरात तक्रारदार आणि दुकानदार एकाच गणेशोत्सवाच्या कमिटीत असतात, तेव्हा हे फार अवघड जातं. बदल्याची खरी भीती असेल तर लायसन्सिंग टीमशी आधी बोला, किंवा वॉर्डातल्या काउन्सिलरला (नगरसेवकाला) गाठा. एखाद्या रिस्पॉन्सिबल ऑथॉरिटीने स्वतः प्रकरण हाती घेतलं तर तुमचं नाव पुढे येण्याची गरज राहत नाही.

मागणी ‘बंद करा’ एवढीच

सुनावणी घेणाऱ्या काउन्सिलरांच्या सब-कमिटीकडे बरेच पर्याय असतात: अटी बदलणं, परवान्यातून एखादा व्यवहार (जसं रात्रीची गरम विक्री) वगळणं, तीन महिन्यांपर्यंत परवाना निलंबित करणं, आणि शेवटी रद्द करणं. दुकानदाराला आधी लेखी कळवलंच नसेल आणि थेट ‘रद्द करा’ म्हणालात, तर काउन्सिलर भुवया उंचावतात. नेमकी अट मागा: आत एका वेळी किती माणसं, शनिवारी दारावर सुरक्षारक्षक, मध्यरात्रीनंतर फक्त डिलिव्हरी. दुकानदाराच्या पोटावर पाय येतो हे काउन्सिलरांनाही दिसत असतं. शस्त्रं, अमली पदार्थ असा मामला असेल तर गोष्ट निराळी. तिथे पहिल्याच खेपेला परवाना रद्द करण्याचा गंभीरपणे विचार व्हावा, असं मार्गदर्शनच सांगतं.

निकाल तुमच्या बाजूने लागला म्हणून लगेच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेढे वाटू नका. अपिलासाठी २१ दिवस असतात, आणि दुकानदार मॅजिस्ट्रेट कोर्टात गेला तर तिथला निर्णय होईपर्यंत कौन्सिलचा आदेश साधारणपणे लागू होत नाही. तोवर जुन्याच अटी चालू राहतात आणि त्या मोडल्या तर त्याचीही तक्रार करता येते. म्हणून वहीतल्या नोंदी थांबवू नका. निकाल विरुद्ध गेला तर तुम्हालाही अपील करता येतं, पण हरल्यास खर्च अंगावर पडू शकतो, तेव्हा आधी सॉलिसिटरला विचारा. तोच अर्ज नवं काही नसताना वर्षाच्या आत पुन्हा टाकला, तर पुनरावृत्ती म्हणून तो फेटाळला जाऊ शकतो.